कुंडाचा मान

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
८ जानेवारी २०२४

ती. तुळजाजी मामा आणि राजसबाई मामी यांना ऊर्मीचा नमस्कार.

पेटी काल बंदरावरून सोडवून आणली. सहाही बाटल्या धड आहेत, पेंढासुद्धा कोरडा. तुम्ही दीपगृहात तीस वर्षं काढलीत हे पेटीच्या दोरीची गाठ बघूनच कळतं. तुमच्या भाच्याला, उदयला, ती सुटेना, शेवटी मी सुरी घेतली.

ह्या पाण्याचं आम्ही तरमणीच्या प्रयोगशाळेत करतो काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. तुमच्या बेटावरचा डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी. त्याच्या पोटात काय चाललंय ते वरून दिसत नाही. पण जमिनीखालचं पाणी त्या उष्णतेच्या जवळून फिरून तुमच्या वाडीच्या डोक्यावरच्या कुंडात वर येतं. आत काही बिनसलं की कुंड तापतं, पाण्यातले क्षार बदलतात. म्हणून दर आठवड्याला तापमान आणि दोन बाटल्या. खालच्या एक्केचाळीस घरांना वेळेत हलवता यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता एक शंका, रागावू नका. शंका घेणं हेच माझं काम आहे. ऑक्टोबरपासून प्रत्येक तक्त्यावर तापमान ६१. कधी ६१.२, कधी ६०.८. आणि शेऱ्याच्या रकान्यात दर वेळी एकच शब्द, ‘शांत’. माणसाचा तापही इतका एकसारखा राहत नाही. थर्मामीटर बिघडला नाही ना? एकदा उकळत्या पाण्यात धरून बघाल का?

कुंडावर निरीक्षण केंद्र सुरू केलं त्या दिवसाचा फोटो माझ्या टेबलावर आहे. तुम्ही घागरीएवढा कुडम कलता करून कुंडात पाणी ओतताय आणि मागे मी लोटा घेऊन उभी. लोक विचारतात, ही कसली शास्त्रज्ञ?

तुमची,
ऊर्मी

*

बेटावरून
२७ जानेवारी २०२४

चि. सौ. ऊर्मीस तुळजाजीचे आशीर्वाद.

पत्र पावले. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. शंभराला लागला. त्याला काही झालेले नाही.

काम तुझ्या कागदाबरहुकूम करितो. सकाळी सहाला कुंडापाशी जातो. पाण्याचा मान करितो. मग थर्मामीटर. मग पांढऱ्या झाकणाची बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून काठोकाठ भरितो, बुडबुडा राहू देत नाही. लाल झाकणाच्या बाटलीत तुझे आम्ल असते, ती विसळीत नाही. यात काही चुकत असेल तर कळव.

तू शंका विचारलीस, आता माझी ऐक. डिसेंबरात चार माणसे उडता कॅमेरा घेऊन आली आणि किनारा मोजून गेली. जेटीवर बोलणे आहे की येथे हॉटेल होणार आणि वाडी उठवायला कोणाला तरी निमित्त हवे. चौकीवरचा शिपाई चंद्रमौळी मला म्हणाला, “तात्ता, ते निमित्त तुमच्या बाटल्यांतूनच निघणार.” त्याला मी गप्प केले. परंतु त्याचे बोलणे डोक्यातून जात नाही. तू घरची सून, म्हणून सरळ विचारतो. तक्त्यावरचा आकडा चढला तर आम्हांस येथून उचलणार काय?

राजसने नारळाच्या वड्या ठेविल्या आहेत. पेंढ्यात हात घालून बघ.

तुळजाजी

*

तिरुवल्लिकेणी
१९ फेब्रुवारी २०२४

ती. मामा,

वड्या मिळाल्या. त्यातल्या चार प्रयोगशाळेत पोचल्या, बाकीच्या उदयने घरीच संपवल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते. हॉटेलवाल्यांशी माझा काडीचा संबंध नाही. पण आकडा खूप चढला तर हो, तुम्हाला हलवावं लागेल. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तुमचा प्रश्न मात्र मला खटकला. आकडा चढू नये असं ज्याला वाटतं, त्याच्याच हातात थर्मामीटर आहे. मी आवडी गावच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले. बाबा कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने पास केलेला भाग ते पुन्हा स्वतः मोजायचे आणि त्यापायी त्यांचे मित्र तुटले. मला तो रोग लागलाय, काय करू?

कारण इथे गोष्टी जुळत नाहीत. बेटावरच्या भूकंपमापकावर बारीक थरथर जानेवारीपासून दुप्पट झाली आहे. डोंगर चुळबुळतोय आणि कुंड म्हणतं शांत. आमचे प्रमुख नारायणस्वामी सर म्हणाले, “कुंड गार आहे तोवर थांबू.” म्हणजे एक्केचाळीस घरांचा निर्णय तुमच्या त्या ६१ वर टेकला आहे.

पुढच्या वेळी पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरचा फोटो काढा. आणि वास, वाफ, मेलेले मासे, जे दिसेल ते शेऱ्यात लिहा.

ऊर्मी

*

बेटावरून
९ मार्च २०२४

चि. सौ. ऊर्मीस आशीर्वाद.

फोटो सोबत आहे. चंद्रमौळीच्या फोनने काढून त्यानेच छापून आणला. ६१ दिसतात. आता तरी खात्री पटावी.

थरथर ही या बेटाची जुनी सवय आहे. शेऱ्यात लिहावे असे काही नाही. राजसचे पाय हल्ली भाजतात म्हणते. वय झाले. माझाही उजवा खांदा धरला आहे, म्हणून अक्षर वाकडे आले.

तुझे बाबा दुसऱ्याने मोजलेले पुन्हा मोजत, हे चांगलेच. परंतु मोजणाऱ्याला चोर म्हणत नसावेत.

तुळजाजी

*

तिरुवल्लिकेणी
२८ मार्च २०२४

मामा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता फाडत नाही.

तुमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना गेल्या वर्षी मी स्वतः घेतला होता. त्यात चुना पुष्कळ आहे. कुंडाच्या पाण्यात तो जवळपास नाही. मार्चच्या बाटल्यांत मला चुना सापडला, आणि थोडाथोडका नाही. हिशोब केला तर बाटलीतलं तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी विहिरीचं निघतं. मग मी जुन्या बाटल्याही उघडल्या. ऑक्टोबरपासून विहिरीचं पाणी वाढत वाढत आलंय.

बाटल्या तुमच्याशिवाय कोणी भरत नाही. ह्याचा अर्थ मी काय घ्यायचा? खांदा दुखतो म्हणून चढण टाळलीत आणि घरी बसून बाटली पुरी केलीत? की वाडी उठू नये म्हणून? फोटोतल्या थर्मामीटरमागे कुंडच आहे की परसातली बादली, हेही मला सांगता येत नाही.

नात्यातला माणूस म्हणून मीच तुमचं नाव सुचवलं होतं. सगळे नको म्हणत असताना मी हट्ट धरला. मला वाईट वाटतंय आणि रागही आलाय. खरं काय ते लिहा, एवढंच मागते.

ऊर्मी

*

बेटावरून
१४ एप्रिल २०२४, तमिळ वर्षाचा पहिला दिवस

सौ. ऊर्मीस.

सहा भरलेल्या बाटल्या, थर्मामीटर, कोरे तक्ते आणि पेटीची किल्ली पाठवीत आहे. दुसरा माणूस बघावा.

मी दर वेळी कुंडापर्यंत गेलो. कुंडाचेच पाणी भरले. याहून जास्त सांगणे मला जमणार नाही.

तुळजाजी

*

(याच पेटीत, पेंढ्याखाली)

ऊर्मी,

मला तुमची बाळबोध अक्षरे येत नाहीत. तमिळ अक्षरांत मराठी लिहिते. उदयकडून वाचून घे. बायको त्याच्या मामाला काय म्हणते ते त्यालाही कळू दे.

तुझे पत्र आल्यापासून दोन दिवस हे जेवले नाहीत. नुसते बसून होते. तुला काही सांगायचे नाही म्हणाले. म्हणून मी सांगते.

पाणी घेण्याआधी पाणी द्यायचे, हे यांच्या घरात तंजावरपासून चालत आले आहे. घरच्याच विहिरीचे द्यायचे. न देता घेतले तर ती चोरी. तूही दिले आहेस, लोटा घेऊन, विसरलीस काय? आणि रागावलेल्या पाण्याला हात लावायचा नाही. वाफ बसेपर्यंत ओतायचे, ते शांत झाले की मग घ्यायचे. पहिल्यांदा एक कुडम पुरायचा. मार्गळी महिन्यात, डिसेंबर संपताना, दोन लागले, पोंगलला तीन. मार्चमध्ये पाच. आता सात. सात वेळा ती चढण, भरलेला कुडम खांद्यावर घेऊन, बासष्ट वर्षांचा माणूस. खांद्याला गळू झाले आहे. त्याला तू घरी बसून बाटल्या भरतो म्हणतेस.

आणखी एक. हे लिहिणार नाहीत, मीच लिहिते. ओढ्यातले मासे मेले. परसात अनवाणी उभे राहवत नाही, कोंबड्या तिकडे फिरकत नाहीत. कुजक्या अंड्यांचा वास येतो. हे म्हणतात, लिहिले तर वाडी उचलतील. मी म्हटले, न लिहिले तर काय होईल?

राजसबाई

*

तिरुवल्लिकेणी
२० एप्रिल २०२४

ती. मामा, ती. मामी,

ह्या पत्राचा फोटो चौकीच्या फोनवर पाठवते आहे. जेटीवर नेटवर्क आलं की चंद्रमौळी छापून हातात देईल. त्याला सांगितलंय, पळत जा.

उदयने मामींचं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचून दाखवलं. ‘वाफ बसेपर्यंत’ हे शब्द आले आणि मी धावत जाऊन तुमचं जुनं पत्र काढलं. पाण्याचा मान करतो, असं तुम्ही जानेवारीतच लिहिलं होतंत. तो फोटो वर्षभर माझ्या टेबलावर आहे. मी त्याला देवाधर्माची गोष्ट समजून सोडून दिलं. माझ्या सूचनांच्या कागदावर बाटली कशी विसळायची हे आहे, त्याआधी पाण्यात काय घालू नये हे नाही. तो कागद मीच लिहिला होता.

आज सकाळी गल्लीत पाण्याचा टँकर आला तेव्हा आपला हिरवा कुडम मापाने भरून बघितला. चौदा लिटर. तुमचं कुंड साधारण एकशेवीस लिटरचं. वाफ दर वेळी त्याच तापमानाला बसते, म्हणून दर वेळी ६१. सात कुडम गार पाणी पिऊनही कुंड जर ६१ वर राहत असेल, तर खरं तापमान ८७ च्या घरात आहे. ऑक्टोबरात, एका कुडमाच्या हिशोबाने, ते ६५ होतं. मामा, हे फार वाईट आहे.

माफी नंतर मागते, आज ती वेळ नाही. तुमचा थर्मामीटर माझ्याकडे आलाय. चौकीवर दुसरा ठेवलेला आहे, चंद्रमौळी घेऊन येईल. उद्या सकाळी एकदाच, काहीही न ओतता, तापमान घ्या. मी तुमच्याकडे काय मागते आहे ते मला कळतंय. तरी मागते.

ऊर्मी

*

बेटावरून, चौकीच्या फोनवरून
२१ एप्रिल २०२४

चि. सौ. ऊर्मीस आशीर्वाद.

पत्र मिळाले तेव्हा मी नाही म्हणालो. न देता घेणे मला या वयात जमणार नव्हते. राजस म्हणाली, पाहुणा आला की आपण पाणी त्याच्या डोक्यावर घालतो की पायांवर? कुंडाचे पाणी जेथून समुद्राकडे निघते तेथे, खाली, मान करा. म्हणून आज कुडम ओढ्याच्या तोंडाशी रिकामा केला आणि मग वर गेलो.

तापमान ८९. चंद्रमौळीने शेजारी उभे राहून बघितले. वाफेत माझा हात दिसत नव्हता.

शेरा लिहितो. मासे मेले आहेत, महिना झाला. परसातली जमीन भाजते. वास आहे. कुंडाच्या वरच्या अंगाला नवी भेग पडली आहे, तिच्यातून शिट्टीसारखा आवाज येतो. शांत नाही.

मी खोटे लिहिले नव्हते. शांत झाल्यावर शांत लिहिले. परंतु सगळे लिहिले नाही, हे खरे आहे. या घराखेरीज आम्हांस दुसरे घर नाही.

तुळजाजी

*

तिरुवल्लिकेणी
२४ एप्रिल २०२४

ती. मामा,

उद्या सकाळी दोन बोटी येतील. वाडीतल्या सगळ्यांना घेऊन शेजारच्या बेटावरच्या शाळेत उतरवतील. कागदपत्रं, औषधं आणि कोंबड्या घ्या. बाकी राहू द्या. चंद्रमौळीला हे कळवलं आहेच, पण चौकीच्या फोनवरून का होईना, हे पत्र तुम्ही माझ्याकडूनच वाचावं अशी इच्छा आहे. ह्यात एक गोष्ट आहे जी मी तुमच्यापासून लपवली.

मार्चमध्ये तुम्हाला ते पत्र लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी कार्यालयात एक टिपण दिलं होतं. ‘निरीक्षक विश्वासार्ह नाही. नमुन्यांत भेसळ करतो. बदलावा.’ खाली माझी सही.

परवा बैठक होती. तुमच्याकडचे अधिकारी पडद्यावर होते. मी ८९ हा आकडा सांगितला. त्यांनी माझंच टिपण मोठ्याने वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हा माणूस खोटारडा असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याच्या शब्दावर मी वाडी का रिकामी करू?” नारायणस्वामी सर माझ्याकडे बघत राहिले. बाटल्या जहाजाने यायला आठवडा लागला असता आणि तेवढा वेळ आपल्याकडे आहे की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं.

मग मी तुमच्या जुन्या बाटल्यांचे आकडे फळ्यावर मांडले. ज्या चुन्यावरून मी तुम्हाला चोर ठरवलं होतं तेच. शेजारी मामींनी लिहिलेले कुडम मांडले. एक, दोन, तीन, पाच, सात. प्रत्येक महिन्याचा चुना त्या महिन्याच्या कुडमांशी जुळला. घरी बसून बाटली भरणाऱ्याचं पाणी असं कुडमागणिक जुळत नाही. तेवढं गार पाणी हिशोबातून काढून टाकलं की खरी तापमानं निघतात. ६५, ६८, ७२, ८०, ८७. आणि आता ८९. सर उठून फळ्याजवळ गेले, चष्मा कपाळावर नेऊन आकडे वाचले आणि म्हणाले, “हा माणूस एकही आठवडा चुकलेला नाही.” त्यानंतर बोटींचं ठरायला दहा मिनिटं लागली.

टिपण मी मागे घेतलं आहे. पण ते फाइलमध्ये राहतं, फाडता येत नाही. माझ्या सहीसकट ते तिथेच राहणार. मला त्याची लाज वाटते. मामींना काय तोंड दाखवू कळत नाही.

बोटीत नक्की बसा.

ऊर्मी

*

शेजारच्या बेटावरील शाळेतून
१२ मे २०२४

चि. सौ. ऊर्मीस अनेक आशीर्वाद.

बातमी तुला कळलीच असेल. चार तारखेस दुपारी जेवण चालू असता मोठा आवाज झाला. येथून पाण्यापलीकडे पांढरा ढग उठलेला दिसला, मग काळा. कुंड आणि त्याच्या वरचा उतार उडाला. उकळता चिखल ओढ्याने खाली आला. परवा चंद्रमौळी लांबून बोटीतून बघून आला. आमच्या ओळीतली नऊ घरे छपरापर्यंत गाडली आहेत, त्यांत आमचे एक. वाडीतले एकशे सत्तावीस लोक येथे शाळेत आहेत. मी रोज मोजतो. कोंबड्या मात्र दोन कमी आहेत.

हॉटेलवाल्यांना आता किनारा नव्याने मोजावा लागेल.

तुझ्या टिपणाविषयी. ते वाचले तेव्हा तू समोर असतीस तर काय बोललो असतो सांगवत नाही. बोटीत बसल्यावरही मनात तेच होते. नंतर येथे बसून पुष्कळ विचार केला. तुझा संशय नसता तर तू जुन्या बाटल्या उघडल्या नसत्या. माझे ‘शांत’ वाचून तूही शांत राहिली असतीस आणि मी आठवा कुडम घेऊन ती चढण चढत असतो. त्यामुळे तुझ्यावर रागवावे तर तेही पुरते जमत नाही. मीही तुझ्यावर संशय घेतला होता, तू हॉटेलवाल्यांची आहेस काय म्हणून. तो कुठल्या फाइलमध्ये नाही, एवढाच फरक.

उत्तरेच्या टोकाला आणखी एक उन्हाळे, गरम पाण्याचा झरा, आहे. डोंगर निवला की तेथे केंद्र लावावे, मी बाटल्या भरीन. पाण्याचा मान खाली, ओढ्याच्या तोंडाशी करीन. हे तुझ्या सूचनांच्या कागदावर लिहून ठेव, म्हणजे पुढच्या माणसाला कोणी चोर म्हणणार नाही.

खांदा दाखवायला आम्ही दोघे जूनमध्ये चेन्नईला येत आहोत. राजस तुझ्याशी बोलणार नाही असे म्हणते. तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस, परंतु घाईही करू नकोस. दाराशी तांब्या भरून ठेव. ती आली की आधी तिच्या पायांवर पाणी घाल, पोळलेले आहेत. प्यायला दे. माफी त्यानंतर माग.

तुळजाजी